बुटक्यांच्या गडावर मान कुणाला?

कौटुंबिक पानावर संगणकाच्या खेळांचा विषय पाहून आमच्या काही ज्येष्ठ वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण ज्या घरात मुले आहेत त्या घरात हे खेळ शिरलेच आहेत, आणि नुसत्या रागावण्याने ते बाहेर जात नाहीत, हा बहुतेक आईबापांचा अनुभव आहे. शिवाय सगळेच खेळ गोळीबाराचे किंवा मोटारी पळवण्याचे नसतात. काही खेळांत एक अख्खा समाज उभा केलेला असतो. त्यात शेतकरी असतो, सुतार असतो, कातडी कमावणारा असतो, हमाल असतो, आणि वर सरदार, राजाही असतो. कुणी कोणते काम करावे, कुणाला केवढी खोली मिळावी, चूक झाली तर फटके कुणी खावेत, हे सारे कुणीतरी बसून ठरवलेले असते. कामाची प्रतवारी कशी लागते हे आपल्या माणसांना पुस्तक वाचून कळलेले नाही; ते आजा-पणज्यांच्या पाठीवर लिहिलेले होते. तेव्हा मनाने रचलेल्या समाजातसुद्धा ही उतरंड येते का, आली तर कुठून येते, हे पाहावे असे आम्हाला वाटले.

यासाठी आम्ही मुख्यतः एकच खेळ निवडला आहे. हिमगौरी आणि सात बुटक्यांची गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलांना ठाऊक असते. युरोपच्या लोककथांतले हे बुटके डोंगराच्या पोटात राहतात, खाणी खणतात, धातू घडवतात. त्यांच्यावर बेतलेला 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस', म्हणजे 'बुटक्यांचा गड', हा खेळ टार्न अ‍ॅडम्स आणि झॅक अ‍ॅडम्स या दोघा अमेरिकन भावांनी रचला. टार्न हे गणितातले डॉक्टर. विद्यापीठातील नोकरी सोडून ते या खेळामागे लागले. २००२ साली काम सुरू झाले आणि ऑगस्ट २००६ मध्ये खेळ लोकांसमोर आला, तोही फुकट. चाहते स्वखुशीने जे पैसे पाठवत त्यावर या भावांची गुजराण चाले. सोळा वर्षे या खेळात धड चित्रेही नव्हती. पडद्यावर नुसती अक्षरे आणि चिन्हे हलायची, आणि तोच बुटका, तोच दगड, तीच भिंत असे खेळणाऱ्याने समजून घ्यायचे. तरीही २०१२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो आपल्या संग्रहात घेतला. डिसेंबर २०२२ मध्ये चित्रांसह त्याची नवी आवृत्ती विक्रीला आली.

खेळाची सुरुवात सात बुटके आणि एक गाडा यांनी होते. डोंगर पोखरायचा, जमिनीखाली शेती करायची, दारू गाळायची, भट्ट्या पेटवायच्या. हळूहळू वस्तीची कीर्ती पसरते आणि स्थलांतरितांचे तांडे येऊ लागतात. प्रत्येक बुटक्याला नाव आहे, नातीगोती आहेत, आवडीनिवडी आहेत, दुःखे आहेत. त्यांना थेट हुकूम देता येत नाही. अमुक काम अमुक माणसाने करावे एवढे ठरवायचे आणि पाहत राहायचे. म्हणूनच हा खेळ म्हणजे समाजशास्त्राचे एक भिंगच झाला आहे.

ओझ्याला कौशल्य नाही

या गडावर शंभराहून अधिक कौशल्ये आहेत. खाणकाम, गवंडीकाम, विणकाम, चामडे कमावणे, मासे साफ करणे, चीज करणे, राख जाळणे, जखम शिवणे, एवढेच काय, बोलून समजूत घालणे हेही कौशल्य. प्रत्येक कौशल्याला सोळा पायऱ्या. नुकता हात घालणारा सगळ्यांत खाली, आणि ज्याच्या नावाच्या दंतकथा व्हाव्यात तो कारागीर सगळ्यांत वर. काम करत गेले की पायरी चढत जाते, आणि ज्या कामात हात सर्वांत चांगला तेच काम त्याच्या नावापुढे पदवीसारखे लागते. अमका खाणकरी, तमकी विणकरीण.

आता यात गंमत पाहा. ओझी वाहणे हे काम या यादीत नाही. म्हणजे काम आहे, कौशल्य नाही. दगड वाहणे, लाकूड वाहणे, अन्न वाहणे, कचरा वाहणे, प्रेत वाहणे, सामान वाहणे, अशी वाहण्याची कितीतरी कामे खेळात वेगवेगळी मोजली आहेत. गड त्यांच्यावाचून एक दिवस चालत नाही. सोनाराला सोने कुणीतरी आणून द्यावे लागते, स्वयंपाक्यापुढे धान्य यावे लागते, व्यापाऱ्यांचा तांडा आला की माल बाजारठाण्यावर न्यावा लागतो. पण वीस वर्षे ओझे वाहिले तरी हमालाची एकही पायरी चढत नाही. झाडलोटीचेही तेच. ज्याला दुसरे काही येत नाही त्याच्या नावापुढे 'पेझंट', म्हणजे साधा कुणबी-मजूर, एवढेच लागते आणि मरेपर्यंत तेच राहते.

आमच्या मते या खेळातील सगळ्यांत बोलकी गोष्ट हीच आहे. हमालाला कुणी शिवी दिलेली नाही, त्याला गडाबाहेर ठेवलेले नाही, पंगतीला तो सगळ्यांबरोबर बसतो. फक्त त्याच्या कामात काही शिकण्यासारखे आहे असे रचणाऱ्यांच्या मनात आलेले नाही. गोणी पाठीवर कशी घ्यावी, दोघांनी पिंप कसे उचलावे, पाय कुठे रोवावा, हे ज्याने मार्केट यार्डात एक दिवस पाहिले असेल तो या कामाला बिनकौशल्याचे म्हणायला धजणार नाही.

पुढे २०२० च्या आवृत्तीत गडावर कारागिरांचे संघ आले. एका धंद्याचे पुरेसे लोक जमले की ते एकत्र येतात, संघासाठी दिवाणखाना मागतात आणि तेथे एकमेकांना हुन्नर शिकवतात. खाणकऱ्यांचा संघ, शेतकऱ्यांचा संघ, सोनारांचा संघ. हमालांचा मात्र नाही, कारण संघ कौशल्यावर उभा राहतो आणि त्यांच्याकडे कौशल्य नाही असे ठरूनच गेले आहे! येथे महाराष्ट्रातील वाचकाला हसू येईल. आपल्याकडे पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाड्यांना संघटित केले, आणि १९६९ साली माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माणसाला कायद्याने मंडळ, नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. अमेरिकेतल्या कल्पित गडापेक्षा आपला हमाल या बाबतीत पुढे आहे.

मानाचा आकडा

आता वरच्या टोकाकडे जाऊ. गड लहान असताना हिशेबनीस, व्यवस्थापक, दलाल आणि मुख्य वैद्य ही पदे खेळणारा नेमतो. वस्ती पन्नासच्या घरात गेली की बुटके आपला महापौर निवडून देतात. निवडणूक कशावर? ज्याच्या ओळखी जास्त, ज्याचे बोलणे गोड, तो निवडून येतो. आता भट्टीपाशी दिवसभर घाम गाळणाऱ्या लोहाराला ओळखी वाढवायला वेळ कुठला? चौकात गप्पा ठोकत बसणाऱ्या रिकामटेकड्याला तो भरपूर असतो. जुन्या खेळाडूंमध्ये ही थट्टा फार वर्षे चालत आली आहे. आमच्या वाचकांनी ती कोणत्या नगरपालिकेला लावायची ते त्यांचे त्यांनी ठरवावे.

गड श्रीमंत झाला की सरदारकी येते, आणि शेवटी राजाही येऊन राहू शकतो. या मंडळींना साधी खोली चालत नाही. राजाला कचेरी, शयनगृह, भोजनगृह आणि कबर, सगळे १०,००० किमतीच्या वर लागते. ही किंमत कशी मोजतात? भिंती किती गुळगुळीत, त्यावर नक्षी कशी, फर्निचर कुणाच्या हातचे, यावरून. म्हणजे राजाचा मान मोजायचा तो पाथरवटाच्या छिन्नीने.

सरदारांना फर्मान काढायची हौस असते. त्यांची आवड असेल त्याप्रमाणे अमुक वस्तू इतक्या दिवसांत तयार करा, तमुक वस्तू गडाबाहेर विकायची नाही, असे हुकूम सुटतात. आवडणारा धातू त्या डोंगरात नसला तरी हुकूम सुटतोच. मुदतीत माल झाला नाही की शिक्षा होते ती फर्मान काढणाऱ्याला नव्हे, कुणातरी कारागिराला. कैद, फटके, आणि काही ठिकाणी हातोड्याचे घाव. चांगल्या लोहाराची हाडे मोडलेली पाहून खेळणारा हळहळतो. याच कारणाने या खेळाच्या चाहत्यांत एक काळा विनोद रूढ झाला आहे. नको त्या सरदाराच्या खोलीत 'दुर्दैवी अपघाताने' पाणी शिरते! असा विनोद हजारो अनोळखी लोकांना आपापला सुचतो याचा अर्थ समाजशास्त्रज्ञांनी लावावा.

आम्हाला अधिक महत्त्वाची वाटली ती एक तांत्रिक गोष्ट. या खेळातील पदांची व्याख्या एका साध्या मजकुराच्या फायलीत लिहिलेली आहे. कोणत्या पदाला कोणती जबाबदारी, किती फर्माने काढायचा हक्क, केवढी खोली, हे तर त्यात आहेच. पण 'अग्रक्रम' नावाचा एक आकडाही आहे. राजापुढे १ लिहिले आहे. बाकीच्यांपुढे त्याहून मोठे आकडे. कुणी कुणाच्या वर, हा सारा प्रश्न या आकड्यांनी सुटतो. फाईल उघडायची, आकडा खोडायचा, दुसरा टाकायचा, खेळ पुन्हा सुरू करायचा. उतरंड बदललेली असते. शाळकरी पोरे हे करतात. आपल्या देशात हाच आकडा एका ग्रंथात लिहिला गेला आणि तो खोडायला हात लावणे हेच पाप ठरवले गेले. विनयपिटकातील उपाली न्हाव्याची कथा आपल्या वाचकांना माहीत आहे. शाक्य राजपुत्रांनी आपल्या आधी उपालीला दीक्षा द्यायला सांगितले, म्हणजे नियमाप्रमाणे पुढे त्यांनीच त्याला वंदन करावे. अग्रक्रमाचा आकडा जाणूनबुजून उलटा लिहिण्याचे इतके जुने उदाहरण आम्हाला दुसरे आठवत नाही.

एक गोष्ट मात्र या बुटक्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्यांच्यात धंदा बापाकडून मुलाकडे जात नाही. सरदारकी वारसाने जाते, कातडे कमावणे जात नाही. जनावर सोलणारा आणि चामडे कमावणारा हा त्यांच्यात विटाळाचा माणूस नाही. कुजलेल्या मांसाची दुर्गंधी सुटली की सगळा गड अस्वस्थ होतो, आणि प्रेत पुरले नाही तर त्याचे भूत होऊन फिरते. म्हणून घाण उचलणे आणि मूठमाती देणे ही तातडीची कामे मानली जातात आणि ज्याचा हात रिकामा असेल तो ती करतो. मेलेले ढोर ओढणे हे एकाच जमातीच्या गळ्यात कायमचे बांधावे, ही कल्पना तेथे कुणाला सुचलेली नाही. १९२७ च्या महाडच्या परिषदेनंतर गावोगाव ज्यांनी ते ओढणे नाकारले आणि त्यापायी बहिष्कार सोसला, त्यांच्या नातवंडांना हे वाचून काय वाटेल ते आम्ही सांगायला नको.

साबणवाल्याचे दिवस पालटले

मान कसा चढतो-उतरतो याचे एक सुरेख उदाहरण या खेळातच आहे. स्थलांतरितांच्या तांड्यात साबण करणारे, चीज करणारे, मासे साफ करणारे आले की जुने खेळाडू कपाळावर हात मारून घेत. खाणकरी हवा, शस्त्रे घडवणारा हवा; साबणवाल्याचे काय लोणचे घालायचे? त्याला हमालीला लावत, नाहीतर लाकडी काठी देऊन लढाईत पुढे ढकलत.

२०१० साली मोठी सुधारित आवृत्ती आली आणि गडावर दवाखाना सुरू झाला. जखम धुणे, टाके घालणे, हाड बसवणे हे सारे आले, आणि त्याबरोबर जखम चिघळणेही आले. साबण नसेल तर जखम चिघळते आणि चांगला लढवय्या अंथरुणातच मरतो. झाले! कालचा निरुपयोगी साबणवाला एकदम महत्त्वाचा माणूस झाला. त्याच्या हातात नवे काही आले नव्हते. तीच राख, तीच चरबी. त्याच्या कामाशिवाय माणसे मरतात हे तेवढे दिसू लागले.

त्याच आवृत्तीत एक जुनी व्यवस्था रद्द झाली तीही सांगण्याजोगी आहे. त्यापूर्वी सरदार आला की गडावर पैशाचा व्यवहार सुरू होई. प्रत्येकाने मजुरी मिळवायची, खोलीचे भाडे भरायचे. सरदारांना भाडे माफ, दंतकथेतल्या कारागिरांनाही माफ. उरले कोण? अगदी कमी मजुरीचे हमाल. ते खोलीबाहेर पडत, आणि वर रिकाम्या खोल्या तशाच कुलूपबंद असत. मुंबईत ज्यांनी घर शोधले आहे त्यांना हे चित्र नवे नाही. रचणाऱ्या भावांनी २०१० मध्ये ही व्यवस्था काढूनच टाकली.

आणखी एक चमत्कार या गडावर घडतो. कधीतरी एखाद्या बुटक्याला अचानक झपाटल्यासारखे होते. तो एक कार्यशाळा ताब्यात घेतो, मनात येईल ते साहित्य गोळा करतो आणि अशी एक वस्तू घडवतो की तिची किंमत साऱ्या गडाला भूषण व्हावी. सहसा तो त्या कलेत सर्वोच्च पायरीवर जाऊन बसतो. हे झपाटलेपण धंदा पाहून येत नाही. ज्याला कधी कुणी हत्यार दिले नाही अशा हमालालाही ते येते. आणि जर त्याला हवे ते साहित्य मिळाले नाही तर तो वेडा होऊन मरतो. हा भाग वाचताना, गुण असूनही फी नाही म्हणून शाळा सुटलेल्या किती मुलांची नावे आपल्या प्रत्येक वस्तीत सांगता येतील, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

जन्म हाच धंदा

सगळेच कल्पित समाज बुटक्यांइतके मोकळे नाहीत. या प्रकारच्या खेळांचे मूळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या १९७४ च्या कागद-पेन्सिलीच्या अमेरिकन खेळात आहे. त्याच्या १९८१ च्या प्राथमिक संचात माणसाला योद्धा, पुरोहित, जादूगार, चोर यांपैकी काहीही होता येई. पण बुटका म्हणून जन्मलेला बुटकाच, एल्फ म्हणून जन्मलेला एल्फच. जन्म हाच त्याचा पेशा. शिवाय वर चढायलाही मर्यादा होती. बुटक्याने बाराव्या पायरीवर थांबायचे, एल्फने दहाव्या, हाफलिंग या ठेंगण्या जमातीने आठव्या. माणूस त्यापुढे जाई. हे नियम कुणी दुष्टाव्याने केले नव्हते, खेळाचा तोल राखायचा म्हणून केले होते. तोल राखण्याची ही सबब आपल्या कानांना ओळखीची वाटते. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन' मध्ये दाखवून दिले की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची पायऱ्या-पायऱ्यांची विभागणी आहे. बाराव्या, दहाव्या आणि आठव्या पायरीचा हा तक्ता पाहून तेच आठवते. २००० साली या खेळाची तिसरी आवृत्ती निघाली तेव्हा ही बंधने काढून टाकण्यात आली. बुटका जादूगार झाला. खेळ बुडाला नाही, उलट वाढला.

ब्रिटनमध्ये १९९७ साली निघालेल्या 'डंजन कीपर' मध्ये तर तळाचा थर उघडच दिसतो. तळघरातील राक्षसांना पगाराचा दिवस असतो. खणणाऱ्या, ओढणाऱ्या 'इम्प' नावाच्या पोऱ्यांना पगार नाही, जेवण नाही, झोपायला जागा नाही. चापट मारली की ते जास्त वेगाने काम करतात, आणि चापटीने त्यांची प्रकृती ढासळते. पुढच्या वर्षी आलेला 'सीझर ३' हा जुन्या रोमचा खेळ त्याहून सभ्य आणि म्हणून अधिक शिकवणारा. त्यात झोपडीचे घर होते, घराची हवेली होते. पण हवेली झाली की आतली माणसे काम करणेच थांबवतात. त्यांना भांडी, तेल, फर्निचर सगळे हवे असते, मात्र कुंभाराची कार्यशाळा शेजारी आली की वस्तीचा भाव पडतो. म्हणून खेळणारी मुले आपोआप कारखाने आणि कामगारांची घरे एका कडेला आणि हवेल्या दुसऱ्या कडेला ठेवायला शिकतात. गावकूस कसे तयार होते हे दहा वर्षांच्या पोराला इतक्या थोडक्यात कुणी शिकवले नसेल!

स्वीडनच्या एका राजघराण्यांच्या खेळाने २०१४ साली भारताचा भाग काढला. 'क्रूसेडर किंग्ज २' हे त्याचे नाव. त्यात हिंदू राजांना ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य असे जन्मजात शिक्के आहेत. बौद्ध राजांना हा शिक्का नाही. आणि चौथा वर्ण? तो खेळात आलाच नाही, त्यापलीकडचे तर सोडाच. खेळ जमीनदार राजांचा, म्हणून बाकीचे लोक नुसते महसुलाच्या आकड्यात.

आता पुन्हा बुटक्यांकडे येऊन थांबू. २०२२ च्या आवृत्तीत ओझी वाहण्याचे काम सुरुवातीपासूनच 'सर्वांनी करावे' असे लावून दिलेले असते. दंतकथेतला सोनारही हातातले काम संपले की दगड उचलायला जातो. पण प्रत्येक बुटक्याच्या नावापुढे एक लहानसे कुलूप आहे. ते लावले की तो फक्त आपले नेमून दिलेले काम करतो आणि हमालीतून सुटतो. गड मोठा होऊ लागला की खेळणारा एकेक करून चांगल्या कारागिरांना कुलूप लावत जातो, कारण सोनाराचा वेळ दगड वाहण्यात दवडणे परवडत नाही. सरतेशेवटी ज्यांना कुलूप नाही असे पंधरा-वीस जण उरतात आणि सगळ्या गडाचे ओझे त्यांच्यावर येते. घरात कुणी हा खेळ खेळत असेल तर पालकांनी शेजारी बसून कुलूप कुणाकुणाला लावले आहे ते एकदा विचारावे, आणि न लावलेल्यांची नावे मुलाला आठवतात का तेही पाहावे.